पेंचचा वाघ आणि तोतलाडोहचा मासा



आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पूर्वेस पेंचचे जंगल आहे. दूरदूरचे पर्यटक जीपगाड्यांतून तेथे वाघ पाहावयास येतात. त्यामुळे काही तरुणांना वाटाड्याचे काम मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु याच नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या शिकार व मासेमारीवर जगलेल्यांचे काय झाले, हेही आपण जाणून घ्यावे.

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने निर्बंध आले व १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच झाली. पेंच १९७७ साली अभयारण्य झाले. १९८३ साली तेथे राष्ट्रीय उद्यान करण्याचे जाहीर झाले. पुढे तोतलाडोह धरणामुळे जंगलाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जंगलातून उठलेल्यांना मासाच काय तो आधार उरला.

१९९६ साली मध्य प्रदेशच्या वनखात्याने अशा ३०५ आदिवासी कुटुंबांना जलाशयात मासेमारीचे परवाने दिले. मगरी, कासवे व पाहुण्या पक्ष्यांना यामुळे धोका पोहोचेल, असे म्हणून एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने कायम ठेवले, पण अटी घातल्या. फोटोचे ओळखपत्र असावे, जंगलात इतरत्र जाऊ नये, काठावर चूल पेटवू नये, कचरा टाकू नये. उद्यानाची अंतिम अधिसूचना मात्र तोवर निघालेलीच नव्हती. हक्कांचा निकाल आधी लागता, तर हा तंटा इतका चिघळला नसता, असे आम्हांस वाटते.

मासा हा गरिबाच्या मुलांना प्रथिने देणारा स्वस्त आहार आहे. तो ताटातून गेला की त्याच्या जागी बहुधा नुसती भाकरी व मीठ-मिरची उरते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक मासेमारीचा हक्क मान्य केला आहे. शिकारीचा नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. दावा ग्रामसभेकडे लेखी द्यावा व पोच घ्यावी. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. ग्रामसभेचा ठराव मान्य नसल्यास ६० दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो.

आपल्या संत्र्याच्या बागांत तोडणीस येणाऱ्या मजुरांत जंगलालगतच्या गावचे कोणी असल्यास त्यांना ही माहिती द्यावी. लिहिता-वाचता येणाऱ्याने एखादा अर्ज भरून दिला, तरी एका घराचे मोठे काम होईल.