सीमेवरील ठाणे ते संग्रहालय

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला सर केला. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. मे महिन्यात वसईही पडली आणि बेटेगाव, बोईसर, पालघर हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. त्याच वर्षी सावंतवाडीकर भोसल्यांनी गोव्यातील बारदेश व्यापला. तेथे मात्र आग्वाद आणि रेईश मागूश हे दोन किल्ले पोर्तुगीजांनी राखले.

यांपैकी रेईश मागूशचा किल्ला १५५१ सालचा. पणजीसमोर, मांडवीच्या उत्तर तीरावरील टेकडीवर तो उभा असल्याने नदीतून शिरणारे जहाज त्याच्या तोफांच्या टप्प्यात येई. पुढे पोर्तुगीजांनी डिचोली, सत्तरी व पेडणे घेतले आणि सरहद्द उत्तरेकडे सरकली. नेपोलियनच्या युद्धकाळात, १७९८ ते १८१३ दरम्यान, येथे इंग्रज फौजेचा तळ होता. नंतर लष्करी महत्त्व ओसरून किल्ल्याचा तुरुंग झाला. तो १९९३ पर्यंत चालला.

पुढे गोवा सरकार, 'इन्टॅक' आणि हेलन हॅम्लिन ट्रस्ट यांच्या सहकार्याने किल्ल्याचा जीर्णोद्धार झाला. २०१२ मध्ये तो संग्रहालय म्हणून खुला झाला. मारिओ मिरांडा यांची चित्रे आणि गोवा मुक्तिलढ्याची माहिती तेथे मांडली आहे.

सरहद्द हलली की ठाण्याचे प्रयोजन संपते. तट टिकतात ते नवे प्रयोजन लाभले तरच. तारापूरच्या किल्ल्याचे संग्रहालय झालेले नाही. रेईश मागूशचे उदाहरण म्हणूनच पालघरकरांनी अभ्यासावे असे आहे.