स्पोर्ट्स कारला रोजचे टायर : काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

दुबई, शारजा, कुवेतच्या गॅरेजांत आणि टायरच्या दुकानांत आपल्या कोकणातले कितीतरी कारागीर राबतात. मुंबई-पुण्याकडेही या धंद्यात आमचे वाचक आहेत. या सर्वांपुढे एक गिऱ्हाईक कधी ना कधी येते. जुनी स्पोर्ट्स कार हौसेने स्वस्तात घेतलेली असते, आणि चार टायरांचा भाव ऐकताच चेहरा उतरतो. "शर्यत कोण लावतोय? कामावर जातो-येतो. साधे टाका," असे ते म्हणते. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कोणते अर्धे, हे दुकानदाराला कळायला हवे. टायर फुटला तर जीव त्याचा जातो आणि नाव दुकानाचे जाते.

उदाहरणाला १९९७ ते २००४ या काळातली शेवरोले कॉर्व्हेट घेऊ. हिच्या पुढच्या चाकाला २४५/४५ झेडआर १७ आणि मागच्याला २७५/४० झेडआर १८ असे टायर लागतात. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा किती ते. शेवटचा रिमचा, इंचांत. हिशेब केला तर पुढचे चाक सुमारे ६५२ मिलिमीटर व्यासाचे आणि मागचे ६७७ चे येते. हा फरक कारखान्याने मुद्दाम ठेवला आहे. ब्रेकची आणि घसरण रोखणारी यंत्रणा चाकांच्या फेऱ्या मोजून चालते. दुकानात पडून आहे म्हणून मागे भलत्याच मापाचा टायर बसवला, तर ही मोजणी चुकते. तेव्हा मापात काटकसर नाही. पुढची-मागची चाके वेगळी असल्याने अदलाबदल करून झीज सारखी करण्याचा नेहमीचा उपायही इथे चालत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावे.

वेगाच्या अक्षराबाबतही तसेच. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. गिऱ्हाईक शंभरानेच चालवणार असेल, तरी हे अक्षर नुसत्या वेगाचे नसते. टायर किती उष्णता सोसेल याचेही ते माप आहे. आखातातला उन्हाळ्यातला डांबरी रस्ता, त्यात हवा थोडी कमी, मग टायरच्या आत काय होत असेल ते कारागिराला सांगायला नको. गाडीच्या दारावरच्या पट्टीत जे अक्षर आणि भाराचा जो आकडा असेल, त्याखाली उतरू नये.

मग पैसे वाचतात कुठे? पहिली जागा रन-फ्लॅटची. या गाडीला स्टेपनी नाही. म्हणून कारखान्यातून तिला हवा गेली तरी काही अंतर चालणारे, जाड भिंतीचे टायर येत. ते महाग आणि कडक असतात. त्याच मापाचे साधे टायर घालून डिकीत पंक्चरचे सामान आणि छोटा पंप ठेवला, तर खर्च उतरतो आणि गचकेही कमी बसतात. मात्र हवा गेल्यावर साध्या टायरवर चालवत राहता येत नाही, हे बिल फाडण्यापूर्वी बोलावे.

दुसरी जागा रबराची. अमेरिकी पद्धतीच्या टायरवर ट्रेडवेअर नावाचा आकडा असतो. १०० किंवा २०० असेल तर रबर मऊ, पकड जबरदस्त, पण झीज झपाट्याने; ते मैदानावरच्या शर्यतीचे काम. रोजच्या गाडीला ३०० ते ५०० मधले पुष्कळ झाले. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नये. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो उपयोगी पडतो. आणि हिशेब किमतीचा न करता किलोमीटरचा करावा. समजा, दहा हजारांचा टायर पंधरा हजार किलोमीटर चालला आणि चौदा हजारांचा तीस हजार. पहिल्याचे हजार किलोमीटरला ६६७ रुपये पडले, दुसऱ्याचे ४६७. स्वस्त कोणता?

"समर टायर" या नावाने पुष्कळजण गोंधळतात. सात अंशांच्या वरच्या हवेसाठी तो बनतो, इतकाच त्याचा अर्थ. म्हणजे आपल्याकडे आणि आखातात बारमाही तोच. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटरची असली, तरी मुंबईच्या पावसात अशी गाडी चालवणाऱ्याने नक्षी ३ मिलिमीटरवर आली की टायर बदलावा, असे आमचे मत आहे.

भारतात जून २०२० मध्ये नव्या टायरांच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले, आणि मोठ्या मापांची टंचाई झाली. अशा वेळी जुना साठा आणि वापरलेले टायर बाजारात चमकवून येतात. काळ्या पॉलिशला भुलू नये. डॉटच्या अक्षरांशेवटचे चार आकडे वाचावेत : २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. हा आकडा गिऱ्हाइकाला दाखवूनच टायर चढवावा. दोनच टायर घ्यायची त्याची ऐपत असेल, तर एका आसावरचे दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे द्यावेत. हवा गाडी थंड असताना भरावी. या कॉर्व्हेटला ती चारही चाकांत ३० पौंड लागते.