प्लग बदलल्यावर गाडी थरथरते? बिघाड असा शोधा



मोबाईलवर व्हिडिओ बघून घरच्या घरी गाडीचं बारीकसारीक काम करणारे आता गावोगाव आहेत. त्यात वावगं काहीच नाही. चाकूरहून लातूरला गाडी न्यायची म्हणजे अख्खा दिवस जातो. अडचण पुढं येते. प्लग बदलले, एअर फिल्टर साफ केला, गाडी चालू झाली, पण इंजिन थरथरायला लागलं. मेकॅनिकच्या भाषेत गाडी 'मिसिंग' मारते. मग माणूस घाबरतो आणि आज कॉइल, उद्या पेट्रोल पंप असे नवे पार्ट आणत सुटतो. हजारो रुपये जातात आणि थरथर तशीच राहते.

आधी एकच प्रश्न विचारा. काल गाडी नीट होती, आज नाही, तर मधल्या वेळात हात कुठं कुठं लागला? बिघाड बहुतेक वेळा तिथंच असतो.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. १९८३ ते २०१४ अशी साधारण ३० वर्षं ही गाडी बनली, त्यामुळं आपल्या भागात ती बहुतेकांच्या ओळखीची आहे. इंजिन ७९६ सीसीचं, सिलेंडर तीन. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेतं असं धरा. म्हणजे एका सिलेंडरात मिनिटाला ४५० स्फोट, तिन्हींत मिळून १३५०. एक सिलेंडर बंद पडला की ४५० स्फोट गायब! तीन बैलांच्या कामाला दोनच जुंपल्यावर दुसरं काय होणार? चार सिलेंडरच्या गाडीत चौथा हिस्सा जातो, इथं तिसरा जातो, म्हणून थरथर जास्त जाणवते.

आता इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि बॉनेट उघडा. जुन्या कार्बोरेटरच्या ८००मध्ये डिस्ट्रीब्यूटरपासून तीन प्लगांना तीन वायरी जातात. ठिणगीचा क्रम १-३-२ असा आहे. तिन्ही वायरी एकदम काढल्या आणि बसवताना दोन अदलाबदल झाल्या, की ठिणगी पडते पण चुकीच्या वेळी. गाडी ठो ठो आवाज करते किंवा चालूच होत नाही. म्हणून एका वेळी एकच वायर काढावी, नाहीतर आधी फोटो काढून ठेवावा. वायरीची टोपी 'टक्' असा आवाज होईपर्यंत दाबली का तेही बघा.

प्लग हातातून पडला असेल तर त्याची गॅप दबते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ही गॅप ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो, तो फिलर गेजनं तपासा. पांढऱ्या चिनीमातीला बारीक तडा गेला असेल तर ठिणगी तिथूनच पळते.

प्लगचा रंगही बोलतो बरं का. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. पेट्रोलनं ओला असेल तर त्या सिलेंडरात ठिणगीच पडत नसावी.

एअर फिल्टरचं काम केलं असेल तर रबरी पाइप तपासा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. निघालेल्या पाइपातून जादा हवा शिरली की हे गणित बिघडतं. अशी गाडी उभी असताना वरखाली करते, सूं आवाज येतो आणि रेस दिल्यावर बरीचशी सुधारते. उलट चढावर किंवा पाच माणसं बसल्यावरच झटके मारत असेल तर आधी ठिणगीकडं बघा. ब्रेकच्या बूस्टरचा पाइप निघाला असेल तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. अशी गाडी रस्त्यावर काढूच नका.

बॅटरीची वायर काढली होती का? इंजेक्टरच्या गाडीत कॉम्प्युटरनं लक्षात ठेवलेलं आयडलिंग पुसलं जाऊ शकतं. थोडं चालवल्यावर ते बसतं, तोवर खर्च करू नका.

तरी कळत नसेल तर शाळेतला प्रयोग करा. एका वेळी एकच बदल. स्कॅनरवर 'पी ०३०१' आलं म्हणजे पहिला सिलेंडर मिस मारतोय. पहिल्याचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा पहिल्यात घाला. आता कोड 'पी ०३०२' झाला तर दोष प्लगचा. कोड जागेवरच राहिला तर प्लग निर्दोष. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर तीही अशीच तपासता येते. हा प्रयोग फुकट आहे, पण आपले लोक आधी दुकान गाठतात!

चालू इंजिनाची प्लग वायर ओढून बघायची जुनी सवय मात्र सोडा. तिच्यात हजारो व्होल्ट असतात. शॉक बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालूच करू नका. मिसिंगची गाडी तशीच दामटली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो लालबुंद होऊ शकतो. खळ्यावर, सोयाबीनच्या भुसकटावर अशी गाडी उभी करणं म्हणजे आगीला आमंत्रण.

एवढं करूनही थरथर राहिली, किंवा तुम्ही टायमिंग बेल्टला हात लावला असेल, तर गाडी मेकॅनिककडं न्या. तिथं नुसतं "गाडी थरथरते" म्हणू नका. काय काय उघडलं होतं, थरथर उभ्या गाडीत येते की चढावर, आणि कोणत्या सिलेंडरचा प्लग ओला निघाला, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.