दोन चादरी आणि हलकी बॅग

रमजानमध्ये उमराहला जायचे ठरले की माळ्यावरची मोठी सुटकेस खाली उतरते. मुलगी बिस्किटांचे पुडे आणते, बहीण लोणच्याची बरणी देते, ‘तिकडे एसी फार असतो’ म्हणून कुणी ब्लँकेट कोंबते. बघता बघता बॅग एकट्याला उचलेनाशी होते. खरे तर या प्रवासात पुरुषाच्या अंगावर दोनच पांढऱ्या, न शिवलेल्या चादरी असतात. तोच इहराम. श्रीमंत असो वा गरीब, पोशाख सारखाच. स्त्रियांना नेहमीचे सैल, अंगभर कपडे चालतात. ते पांढरेच हवेत असे नाही.

मुंबईहून थेट जेद्दाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. इहराम हातातल्या बॅगेत ठेवावा किंवा घरूनच नेसून निघावे. इहरामशिवाय जी हद्द ओलांडायची नाही, ती मिकात विमान उतरण्याआधीच मागे पडते. चादरी सामानाच्या पोटात गेल्या, तर मिकातपर्यंत परत जावे लागते, नाहीतर ‘दम’ म्हणजे जनावराची कुर्बानी द्यावी लागते. आधी मदिनेला जाणाऱ्यांना ही घाई नसते. ते मक्केकडे निघताना इहराम बांधतात.

इहरामचे दोन जोड पुरतात. जादा जोडातली चादर पांघरूण म्हणून, जानमाज म्हणून आणि टॉवेल म्हणूनही चालते. मात्र इहरामच्या अवस्थेत पुरुषाने ती डोक्यावरून घेऊ नये. बाकी पुरुषांना दोन-तीन सुती कुर्ते-पायजमे, स्त्रियांना तितकेच सैल पोशाख आणि दोन मोठ्या ओढण्या पुष्कळ झाल्या. मक्केच्या कोरड्या हवेत रात्री धुतलेले सुती कपडे सकाळपर्यंत वाळतात. काबागृहाभोवती तवाफच्या सात फेऱ्या आणि सफा-मरवा टेकड्यांमधली सुमारे तीन किलोमीटरची सई पायीच करायची असते. त्यामुळे चपला नव्या नकोत, पायाला सवयीच्या हव्यात. त्या ठेवायला कापडी पिशवी घ्यावी. हरम शरीफमध्ये मोठ्या बॅगा नेता येत नाहीत. वारीला जाणाऱ्या घरांना हे सांगायला नको. पायी चालणाऱ्याचे गाठोडे जितके छोटे, तितके बरे.

इहराममध्ये सुगंध वर्ज्य असतो. म्हणून बिनवासाचा साबण आणि बिनवासाचे व्हॅसलीन घ्यावे. मांड्या घासल्या गेल्या की व्हॅसलीनचे मोल कळते. दातांसाठी मिसवाक आहेच. नखे घरीच कापून निघावे, कारण इहराममध्ये नखे आणि केस कापता येत नाहीत. विमानात हातातल्या बॅगेत कोणताही द्रवपदार्थ १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत चालत नाही. उमराह पूर्ण झाल्यावर केस कापायला लागणारी कात्री मोठ्या सामानात टाकावी. रोजची औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ असावीत.

खाण्याचे डबे कमी करावेत. रमजानमध्ये हरम शरीफच्या परिसरात इफ्तारला खजूर आणि जमजम मिळते. घरच्या मसाल्यात किंवा लाडवात खसखस नाही ना, हे पाहावे. सौदी अरेबियात तिच्यावर बंदी आहे. शिवाय परतताना खजूर, तसबीह, जानमाज यांना जागा लागतेच. म्हणून जातानाच अर्धी सुटकेस रिकामी ठेवलेली बरी.

निघण्याआधी आणखी एक ओझे उतरवायचे असते. उमराहला जाणारा माणूस देणी फेडतो आणि ओळखीच्यांना भेटून ‘कहा-सुना माफ करा’ म्हणतो. त्यात भाऊबंद असतात, तसे शेजारचे काका-काकू आणि किराणा दुकानदारही असतात. एखादा जुना अबोला याच निमित्ताने सुटतो. सामानाच्या यादीत ही नावे सर्वांत वर लिहावीत. राहिलेला साबण मक्केच्या बाजारातही मिळतो.