जीप कोणी घडविली?

जीप म्हटली की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळी गाडी उभी राहते. कुणाला मामलेदारसाहेबांची धुळीने माखलेली गाडी आठवते, कुणाला निवडणुकीतली कर्णा बांधलेली, तर कुणाला १९६९ सालच्या ‘आराधना’ चित्रपटात दार्जिलिंगच्या छोट्या आगगाडीच्या बाजूने धावणारी. मला आठवते ती पाटबंधारे खात्याची. माझे वडील त्या खात्यात ओव्हरसियर होते. पावसाळ्यात एस. टी. जिथे हात टेकी, तिथून पुढे त्यांची जीप सुरू होई. ड्रायव्हरच्या पायांजवळ गिअरच्या दांड्याशिवाय आणखी दोन आखूड दांडे असत. ते ओढले की गाडी गुरगुरत, अंग झटकत चिखलातून वर येई. ही गाडी मुळात कुणाच्या डोक्यातून निघाली, असे विचारले की उत्तर एकच मिळे, “अमेरिकन आहे!” त्यावर सर्वांचे समाधान होई, माझे मात्र होत नसे. पुढे मोठेपणी मी या गाडीचा पाठपुरावा केला, तेव्हा कळले की हा प्रश्न खुद्द अमेरिकेतही सरकारदरबारी पाच वर्षे चालला होता.

सैन्याच्या कागदोपत्री या गाडीला ‘जीप’ हे नाव नव्हतेच. तिथे ती ‘पाव टनी ट्रक, फोर बाय फोर’ होती. म्हणजे हा एक मालट्रकच; फक्त घराण्यातला सर्वांत धाकटा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याला घोडा, खेचर आणि साइडकार लावलेली मोटारसायकल यांच्या जागी काहीतरी हलके, ठेंगणे आणि कुठेही जाणारे वाहन हवे होते. त्यासाठी बऱ्याच खटपटी झाल्या. १९३७ साली कॅप्टन हॉवी आणि सार्जंट वायली यांनी एक सपाट गाडा तयार केला. त्यावर दोन शिपायांनी पालथे झोपायचे आणि झोपल्या झोपल्याच गाडी हाकायची व मशिनगन चालवायची! शत्रूला तो दिसणार नाही हे खरे. पण स्प्रिंगा नसल्यामुळे आतल्या शिपायांची पोटे काय म्हणत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. शिपायांनी त्याला पोटावर आपटण्यावरूनच नाव ठेवले होते.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची झोप उडाली. त्याच महिन्यात त्यांची एक समिती पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावी गेली. तिथे ‘अमेरिकन बँटम’ नावाचा एक लहानसा मोटार कारखाना होता. इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या मोटारीची अमेरिकन आवृत्ती काढण्यासाठी तो निघाला होता. पण ऐसपैस गाड्यांची सवय झालेल्या अमेरिकनांनी त्या मोटारीचे कौतुक केले आणि विकत घेतल्या दुसऱ्याच! १९३४ साली कंपनीचे दिवाळे वाजले, नव्या मालकाने नाव बदलून ती पुन्हा उभी केली, आणि १९४० उजाडेपर्यंत ती पुन्हा बुडण्याच्या बेतात आली होती. हलकी गाडी बनविण्याचा अनुभव मात्र साऱ्या अमेरिकेत याच लोकांपाशी होता. लष्कराकडून काम मिळाले तर कारखाना जगणार, नाही तर टाळे लागणार, अशी ती घटका होती.

११ जुलैला लष्कराने १३५ कारखानदारांना टेंडरे धाडली. अटी वाचून हसावे की रडावे, असे कारखानदारांना झाले असेल. चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी. तिने ६०० पौंड बोजा न्यावा. तिचे स्वतःचे वजन मात्र १,३०० पौंडांपेक्षा अधिक नसावे. टेंडर भरायला मुदत ११ दिवसांची. पहिली गाडी ४९ दिवसांत हजर करायची आणि सर्व ७० गाड्या ७५ दिवसांत. १३५ जणांपैकी टेंडर भरले फक्त दोघांनी, बँटमने आणि टोलेडो शहरच्या विलिस कंपनीने.

बँटमपाशी कारखाना होता, पण नकाशे काढणारा एंजिनियर नव्हता. अखेर डेट्रॉइटच्या कार्ल प्रॉब्स्ट या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या एंजिनियराला गळ घालण्यात आली. कंपनीच्या तिजोरीत खडखडाट असल्यामुळे काम मिळाले तरच मोबदला, नाही तर नाही, असा करार होता. प्रॉब्स्ट आधी नाही म्हणाला आणि मग कबूल झाला. १७ जुलैला तो निघाला. वाटेत टोलेडोला उतरून त्याने एक्सल बनविणाऱ्या स्पायसर कंपनीच्या लोकांशी बोलणे करून घेतले, आणि बटलरला पोचल्यावर दोन दिवसांत गाडीचे नकाशे काढले. दोन दिवसांत! आपल्याकडे घराच्या माडीचा नकाशा काढायला यापेक्षा अधिक दिवस लागतात.

एक्सलचे त्याला आधी का सुचले, हे समजून घेण्याजोगे आहे. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना मिळतो. पुढची चाके नुसती वळतात. चिखलात मागचे चाक गरगर फिरू लागले की संपले. गाडी जागच्या जागी खड्डा खणीत बसते. पुढच्या चाकांनाही जोर दिला, तर मागून ढकलणे आणि पुढून ओढणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. रुतलेल्या बैलगाडीला मागून चार माणसे रेटतात आणि पुढे आणखी एक बैलजोडी जुंपतात, तसेच हे. पण पुढच्या चाकांनी वळायचेही असते आणि फिरायचेही असते. त्यासाठी एक्सलच्या टोकाला असा सांधा लागतो, की चाक तिरपे झाले तरी जोर न अडखळता पोचला पाहिजे. मोठ्या ट्रकांत हे आधीपासून होते. एवढ्याशा गाडीत बसेल असे एक्सल बाजारात नव्हते. वडिलांच्या जीपमधील त्या दोन दांड्यांचे कोडेही इथेच सुटते. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. एका दांड्याने पुढची चाके इंजिनाला जोडायची, दुसऱ्याने गाडीचा वेग घटवून ओढ वाढवायची.

प्रॉब्स्टचा हिशेब पुरा झाला तेव्हा गाडीचे वजन भरले १,८५० पौंड. लष्कराची हद्द १,३०० ची! इतक्या अवजड एक्सलांसह ती हद्द कुणालाच साधणारी नव्हती. आधी काम तर मिळवू, वजनाचे मग पाहू, असा सल्ला बँटमच्या प्रतिनिधीने दिला, आणि टेंडरात आकडा पडला १,२७३ पौंड. या लबाडीचे मी समर्थन करीत नाही. पण अशक्य अट घालणाऱ्याच्या पदरातही थोडे माप टाकावे लागेल. विलिसची रक्कम खरे तर कमी होती. पण त्यांनी पहिल्या गाडीला ७५ दिवस मागितले, उशिराचा दंड मिळविताच ते महाग ठरले आणि काम बँटमला मिळाले.

पहिली गाडी मेरिलँडमधील होलाबर्ड या लष्करी तळावर २३ सप्टेंबर १९४० रोजी सायंकाळी ५ च्या आत पोचायला हवी होती. बटलरला हॅरल्ड क्रिस्ट आणि त्याच्या कारागिरांनी ती जवळजवळ हाताने घडविली. बँटमच्या जुन्या मोटारींचे जे भाग बसतील ते बसविले. इंजिन काँटिनेंटल कंपनीचे घेतले. एक्सले स्पायसरने जुळवून दिली. २१ तारखेला गाडी उभी राहिली. दोन दिवसांनी प्रॉब्स्ट आणि क्रिस्ट स्वतःच ती हाकीत डोंगर ओलांडून निघाले. इंजिन कोरे करकरीत, तेव्हा पहिले काही मैल सावकाश काढणे भाग होते. पुढे घड्याळाकडे पाहून वेग वाढवावा लागला. तळाच्या फाटकात शिरले तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

वजनाचा वाद निघालाच. त्या प्रसंगाची एक कथा सांगतात. दोन माणसांना खड्ड्यातून उचलता येईल इतकी गाडी हलकी असली म्हणजे झाले, असे कुणी अधिकारी म्हणाला. तोच घोडदळातील एक धिप्पाड जनरल पुढे आला आणि त्याने एकट्यानेच गाडीची मागची बाजू उचलून दाखविली! लष्कराने पुढे हद्द २,१६० पौंडांवर नेली. तळावर या गाडीला ३,४०० मैलांहून अधिक पिटाळले. त्यांत पक्क्या सडकेचे अडीचशे मैलही नव्हते. अखेर सांगाड्याला तडे गेले. पण गाडी पसंत पडली होती.

वाचकहो, बँटमचे दैव फिरले ते याच ठिकाणी. चाचण्या पाहायला विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांचे एंजिनियर तळावर येत होते. लष्कराने त्यांना केवळ गाडीच दाखविली नाही, तर बँटमचे नकाशेही हाती दिले. काम सरकारी, पैसा सरकारी, तेव्हा नकाशेही सरकारचे, असा त्यामागचा न्याय. नोव्हेंबरात विलिस आणि फोर्ड या दोघांच्या गाड्या हजर झाल्या, आणि त्या बँटमच्या गाडीच्या सख्ख्या बहिणी शोभत होत्या.

मात्र विलिसने नुसती नक्कल केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचा मुख्य एंजिनियर बार्नी रूस याने कंपनीचे ४८ अश्वशक्तीचे जुने इंजिन सुधारून सुधारून ६० अश्वशक्तीपर्यंत आणले होते. बँटमचे इंजिन ४५ चे. चढावर हा फरक लगेच कळे. पण दणकट इंजिनामुळे विलिसची गाडी वजनाच्या नव्या हद्दीतही बसेना. रूसने इंजिन सोडायचे नाकारले आणि बाकीची सारी गाडी सुटी करून तासायला घेतली. बोल्ट आखूड केले, पत्रे पातळ केले, रंगाचा दुसरा हात गाळला. शेवटी गाडी काट्यावर जेमतेम काही औंसांनी उतरली, असे सांगतात.

तिन्ही कंपन्यांना प्रत्येकी १,५०० गाड्यांचे काम मिळाले. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचे टेंडर निघाले आणि विलिसने ते गाडीमागे सुमारे ७४९ डॉलरांत घेतले. एका कारखान्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे, म्हणून वर्षअखेर फोर्डलाही विलिसच्याच नमुन्यावर काम दिले गेले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीपगाड्या काढल्या. बँटमच्या वाट्याला एकूण सुमारे २,७०० आल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा इंग्लंड व रशियाला रवाना झाल्या. लष्कराचे म्हणणे असे की, एवढासा कारखाना लाखांनी गाड्या कुठून काढणार? ते खरेही होते. पण ज्याच्या नकाशांवर हे सारे उभे राहिले त्याला जीपमागे ओढायचे छकडे बनविण्याचे काम द्यावे, यातला विनोद कडू आहे. बँटमने त्यानंतर मोटार म्हणून काढली नाही.

‘जीप’ हे नाव कुठून आले, यावर अमेरिकेत अजून वाद चालतात. ‘पॉपाय’च्या चित्रमालिकेत १९३६ साली आलेला, कुठेही जाऊ शकणारा अजब प्राणी ‘जीप’ या नावाचा होता; सैन्यात नव्या रंगरुटालाही हे नाव लावीत. फेब्रुवारी १९४१ मध्ये विलिसच्या चालकाने वॉशिंग्टनला कायदेमंडळाच्या पायऱ्या चढून दाखविल्या, ते वृत्तपत्रांत छापून आले आणि नाव सर्वतोमुखी झाले. मग विलिसने जीप आम्हीच निर्माण केली अशा जाहिराती सुरू केल्या. सरकारच्या व्यापार आयोगाने १९४३ साली त्यावर तक्रार दाखल केली. १९४८ साली निकाल लागला. गाडीची मूळ कल्पना बँटमने लष्करी अधिकाऱ्यांच्या सहकार्याने साकार केली, विलिसने असा दावा करू नये, असे आयोगाने बजावले. पण निकालाने गिऱ्हाईक मिळत नाही. ‘जीप’ ही मुद्रा १९५० साली विलिसच्याच नावे नोंदली गेली, आणि बँटम काही वर्षांत अस्तंगत झाली.

युद्धात ही गाडी आपल्या दारापर्यंत आली होती. ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४४ साली इंजिने मिळेनात, तेव्हा जीपना रेल्वेची चाके बसवून त्यांच्याकडून वॅगनी ओढून घेतल्या. के. सी. महिंद्र अमेरिकेत हिंदुस्थान सरकारच्या कामावर असताना त्यांची गाठ बार्नी रूसशी पडली, असे महिंद्र कंपनीच्या इतिहासात सांगतात. १९४९ साली मुंबईत माझगावला, सुट्या भागांच्या पेट्या उघडून, विलिसच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या. वडिलांच्या खात्यातली जीप त्याच वंशातली.

वंशावळीचा वाद अलीकडेही उकरला गेला. महिंद्रने अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची जीपसारखी गाडी काढली, तेव्हा ‘जीप’ नावाच्या तेव्हाच्या मालकांनी २०१८ साली तिच्या रूपावर हरकत घेतली, आणि २०२० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ती उचलून धरली. महिंद्रने गाडीचा चेहरा बदलला, त्या नव्या रूपाला मात्र मंजुरी मिळाली. या वादात गाजली ती पुढची उभ्या फटींची जाळी. पत्र्यातून ठोकून काढलेली ती सपाट जाळी मूळची फोर्डची. युद्धकाळात तिला नऊ फटी असत, विलिसच्या नागरी गाडीत त्या सात झाल्या.

बटलर गाव आपला हक्क विसरलेले नाही. २०११ साली तिथे जीपचा उत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी हजारावर जीपगाड्यांची मिरवणूक निघाली. प्रॉब्स्ट आणि क्रिस्ट यांनी होलाबर्डला नेलेली पहिली गाडी आज अस्तित्वात नाही. त्या ७० गाड्यांपैकी सातव्या क्रमांकाची मात्र टिकली आहे. ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीची आहे.