साता समुद्रापलीकडची मास्तरकी

मुलीसाठी स्थळ पाहायचे म्हटले की आपण मध्यमवर्गीय माणसे काय चौकशी करतो! मुलाचा पगार, घरातली माणसे, जागा स्वतःची की भाड्याची. इतकेच काय, त्यांच्या दाराशी पेपर टाकणाऱ्या पोऱ्यालाही आडून आडून विचारून घेतो. तीच मुलगी परदेशातल्या एखाद्या खाजगी इंग्रजी शाळेत शिकवायला निघाली, की मात्र नियुक्तिपत्राच्या डोक्यावरचे सोनेरी बोधचिन्ह पाहूनच आपले समाधान होते. लग्नात फसलेली मुलगी निदान माहेरी परत येते. परक्या मुलखात, पगाराविना आणि परवान्याविना अडकलेल्या मुलीने कुठल्या गाडीने परत यावे?

माझ्या हाताखालून गेलेली एक विद्यार्थिनी आहे, राहणार मुलुंडची. बी. ए. मराठी घेऊन झाली आणि पुढे एम. ए. मात्र इंग्रजीत केले. (मराठीच्या मास्तराला याचे काय वाटले, तो विषय वेगळा.) ती मे महिन्यात असेच एक पत्र घेऊन माझ्याकडे आली. थायलंडमधली खाजगी भाषाशाळा, इथे तासिका तत्त्वावर मिळते त्याच्या अडीचपट पगार, राहायला खोली. मध्यस्थाचे ‘प्रक्रियाशुल्क’ एक लाख ऐंशी हजार रुपये. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, तेव्हा ही रक्कम त्यांच्या मुदतठेवीतून निघायची होती. “सर, जाऊ का?” एवढाच तिचा प्रश्न.

मी आधी त्या एक लाख ऐंशी हजारांवर बोट ठेवले. परदेशातल्या नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कालाही तीस हजार रुपये व त्यावरचा कर अशी मर्यादा घातलेली आहे. नोंदलेल्या दलालांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. अंधेरीतल्या या सद्गृहस्थांचे नाव तीत नव्हते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांची कचेरी आहे, तिथे जाऊन विचारा, असे मी तिच्या वडिलांना सुचवले. ते म्हणाले, “अहो, ती कचेरी आखातात जाणाऱ्या गवंडी-सुतारांसाठी!”

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे, आणि गंमत तिथेच आहे. ठरावीक अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची पूर्वपरवानगी लागते ती दहावी न झालेल्यांना. म्हणजे गवंड्याचा करार सरकार डोळ्यांखालून घालते आणि आमची एम. ए. झालेली मुलगी कुणी न विचारता विमानात बसते. शिकलेल्याला आपले हित कळते, असे कायद्याने गृहीत धरले आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातली नि घाटावरची माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली, ती ‘ॲग्रिमेंट’वर अंगठा उठवून, त्याच शब्दाचे ‘गिरमिट’ झाले. त्यांना कागद वाचता येत नव्हता. आपल्याला येतो, पण आपण वाचत नाही.

कागदाच्या आत काय असते हे जपानच्या ‘नोव्हा’ने साऱ्या जगाला दाखवले. ही तिथली इंग्रजी शिकवणाऱ्या खाजगी शाळांची सर्वांत मोठी साखळी. चार लाखांच्या घरात विद्यार्थी, चार हजारांहून अधिक परदेशी शिक्षक, घरोघरी ठाऊक असलेला चोचवाला गुलाबी ससा तिच्या जाहिरातीत. याहून भरवशाचे स्थळ कोणते? पण तिचा संसार चालत होता तो विद्यार्थ्यांकडून शेकड्यांनी तास आगाऊ विकून आणलेल्या पैशावर. शिकणे सोडणाऱ्याला पैसे परत देताना कंपनी जो हिशेब करी, तो एप्रिल २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. जूनमध्ये सरकारने नव्या दीर्घ मुदतीच्या करारांवर सहा महिन्यांची बंदी घातली. नवा पैसा आटला आणि जुन्याची मागणी वाढली. सप्टेंबरात पगार लांबले. २६ ऑक्टोबरला कंपनीने न्यायालयात संरक्षण मागितले.

शिक्षकांच्या हालांत मला सर्वांत बोचते ते घरभाड्याचे प्रकरण. कंपनी खोली देई आणि भाडे पगारातून कापून घेई. पुढे पुढे तिने ते कापले, पण घरमालकाला मात्र पोचवले नाही. म्हणजे भाडे भरलेल्या माणसाच्या हातात घर खाली करण्याची नोटीस! काही शिक्षक तर जेवणाच्या बदल्यात शिकवू लागले. ऑस्ट्रेलियन शिक्षकांना घरी परतण्यासाठी क्वांटास कंपनीने स्वस्त तिकिटे देऊ केली. अध्यक्षाला पुढे कर्मचाऱ्यांच्या निधीतल्या पैशाच्या अपहाराबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. त्यातल्या त्यात बरे हे की, बुडालेल्या कंपनीच्या थकलेल्या पगाराचा काही भाग सरकारने द्यायची सोय जपानच्या कायद्यात आहे. तशी सोय प्रत्येक देशात नसते. नोव्हाच्या नावाने आजही शाळा चालतात, मालक निराळे. तेव्हा नुसत्या नावावर जाण्यात अर्थ नाही. २०२१ मध्ये चीनने खाजगी शिकवण्यांवर लगाम घातला, त्याच वर्षी ‘वॉल स्ट्रीट इंग्लिश’चा तिथला मोठा कारभारही कोसळला.

हे सांगून झाल्यावर आम्ही दोघांनी तिचे पत्र ओळीओळीने वाचले. आठवड्याला पंचवीस तास शिकवायचे, हे ठळक अक्षरांत. शाळेत हजेरी मात्र चाळीस तास, हे खाली बारीक अक्षरांत. शनिवारी दुकानांच्या संकुलात ‘नमुना पाठ’ द्यायचे, त्याचा मोबदला नाही. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर दोन महिन्यांचा पगार दंड. खोलीचे भाडे पगारातून कापणार. येथे मला तो गुलाबी ससा आठवला. आणि शेवटी, ‘आपण पर्यटक म्हणून यावे, पुढील कागद येथे करू.’

या एका वाक्यापुढे बाकीचे दोष मी क्षम्य मानले असते. पर्यटक म्हणून आलेल्या परकीयाने काम करणे थायलंडमध्ये गुन्हा आहे. शिक्षकाला कामाचा परवाना लागतो आणि तो मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. परवाना नसलेली मुलगी पगारासाठी भांडायला कुणाच्या दारात उभी राहणार? सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता, तो थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने म्यानमारमध्ये नेऊन अडकवलेल्या तरुणांबद्दलच. कोरियातल्या खाजगी इंग्रजी वर्गांच्या जागांची जाहिरात आपल्याकडे कुणी केली, तरी तीही अशीच पारखावी. तिथे त्या व्हिसासाठी इंग्रजी मातृभाषा असलेल्या सात देशांचेच नागरिक पात्र धरतात.

मी तिला शाळेलाच तीन प्रश्न विचारायला सांगितले. व्हिसासाठीचे पत्र मी निघण्यापूर्वी पाठवाल का? पगाराची तारीख करारात लिहाल का? आणि गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडची नोकरी सोडून गेलेल्या एका शिक्षकाचा पत्ता द्याल का? सध्या नोकरीत असलेला शिक्षक शाळेनेच पुढे केलेला असतो. तो म्हणजे वरपक्षाचा मामा. सोडून गेलेल्याला खोटे बोलण्याचे कारण नसते.

शाळेचे उत्तर आले नाही, दलालाचे आले. शुल्क नव्वद हजारांवर आणले होते आणि मुदत शुक्रवारपर्यंत होती! मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या मैत्रिणी सगळ्या बाहेरदेशी, आणि वय काही थांबत नाही. तिचा राग मला समजत होता.

मग तिने आपणहून त्याच देशातल्या दुसऱ्या दोन शाळांना तेच तीन प्रश्न पाठवले. एकीने तिघांची उत्तरे दिली. पगार पहिलीपेक्षा कमी, मध्यस्थ कुणी नाही, पदवीच्या प्रमाणीकरणाचा खर्च आपला. पत्ता मिळालेल्या फिलिपिनो बाईंनी मोकळेपणाने लिहिले, “मुख्याध्यापक तापट आहेत, खोली पावसाळ्यात ओल धरते. पगार मात्र तीन वर्षांत एकदाही तारखेला चुकला नाही.”

कामाचा व्हिसा गणपतीनंतर हातात आला. ती भाऊबीज करून निघते आहे. वडिलांनी मुदतठेवीला हात न लावता विमानाचे भाडे तेवढे दिले आणि ओल्या खोलीसाठी म्हणून डांबराच्या गोळ्यांची पुडी तिच्या बॅगेत टाकली आहे.