अल्फा आणि बीटा: नफ्यामागील जोखीम

सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) यांच्या कापसाच्या सट्ट्याच्या कथा इंदूरमध्ये सर्वश्रुत आहेत. मात्र नफ्याची कथा ऐकताना त्यासाठी जोखीम किती पत्करली, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा हिशेब अल्फा व बीटा या दोन अंकांनी मांडता येतो.

बाजाराच्या चढउताराबरोबर एखादा शेअर किती हलतो, याचे माप म्हणजे बीटा. बाजार दिवसात शेकडा १ हलला असता, १.५ बीटाचा शेअर सरासरीने शेकडा दीड हलतो. या मापावरील सिद्धान्त विल्यम शार्प यांनी १९६४ साली मांडला. मायकेल जेन्सन यांनी १९६८ साली त्याला अल्फाची जोड दिली.

समजा, एका निवृत्त गृहस्थास अशा शेअरवर वर्षात शेकडा १२ मिळाले. बाजाराने १० दिले, निर्धोक ठेवीने ६. बाजारातील जोखमीचा मोबदला ४. त्याची दीडपट ६. ठेवीचे ६ मिळवता १२ होतात. म्हणजे हा सारा लाभ जोखमीचाच, अल्फा शून्य. १५ मिळाले असते, तर अल्फा ३ ठरला असता. उलट बाजार शेकडा १० घसरता, तर याच हिशेबाने गृहस्थाचे शेकडा १८ बुडाले असते.

शिवाय दोन्ही अंक गतकालीन भावांवरून काढलेले असतात, आणि एकट्या कंपनीवरील संकट बीटात दिसत नाही. इंदूरमध्ये वाढलेली रुची सोया २०१७ साली दिवाळखोरीच्या कार्यवाहीत सापडली. म्हणून आयुष्याची पुंजी एकाच शेअरमध्ये गुंतवू नये.